पट्ट्याच्या गाडीचा हंगाम

जानेवारी अर्धा सरला की पनवेलच्या बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग लागतात, आणि त्यांच्या शेजारी भांबुर्डीच्या पाल्याच्या जुड्या. पोपटी लावायची तर मडक्याला आतून हा पाला हवाच. त्याच्याशिवाय शेंगा नुसत्या उकडतात, पोपटी होत नाही. पाल्याचा वास ज्याला माहीत नाही त्याला समजावून सांगणं अवघड. ओव्याच्या जवळचा, थोडा कडू, थोडा औषधी. इथल्या माणसांना तो आला की शेत आठवतं, उपड्या मडक्याभोवती पेटवलेला पेंढा आठवतो. मला मात्र एक बस आठवते. काल भाजीवालीने न मागता एक जुडी माझ्या पिशवीत कोंबली आणि मी मटारच्या भावावरून चाललेली घासाघीस मध्येच सोडून नुसती उभी राहिले. तिला वाटलं मला तिचा भाव पटला.

त्या गाडीचं कागदावरचं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. लोकांनी तिची पट्ट्याची गाडी करून टाकली. तेव्हा उरण रस्त्यावर न्हावा शेव्याला जाणारे ट्रेलर एकामागे एक लागलेले असत. त्यांच्यामागे लाल एसटी अडकली की माणसं झोपून उठत, डबे उघडत, एकमेकांच्या भाच्यापुतण्यांची लग्नं जुळवत, आणि तरी गव्हाण फाटा यायचा बाकी असे. अशा रस्त्याच्या मधोमध एका दिवाळीनंतर पिवळा पट्टा आखला गेला. दोन्ही बाजूंना रबरी खांब ठोकले, आणि या पट्ट्यात बसशिवाय दुसऱ्या कुणी शिरायचं नाही असं ठरलं. गाडी पनवेलच्या भर बाजारातून निघणार आणि थेट पीरवाडीच्या समुद्राशी जाऊन थांबणार. चाचणी म्हणून सुरू केली आहे, जमलं तर कायम करू, असं ऐकण्यात होतं. पनवेलकरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की जमणार नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी रांग लावली.

रांग म्हणजे तरी काय. थांबे रस्त्याच्या मधोमध असल्यामुळे या गाडीची दारं उजव्या अंगाला होती. जन्मभर डावीकडून चढलेली माणसं गाडी दिसली की सवयीने डावीकडे धावत, पत्र्यावर थापा मारत, आणि आतला ड्रायव्हर हाताने पलीकडे, पलीकडे अशा खुणा करत राही. तोवर पलीकडच्या दारातून शाळेतली पोरं चढून बसलेली असत. त्यातून काचा बंद. एसटीत जागा धरायची आपली एक पद्धत आहे. गाडी फलाटाला लागता लागता खिडकीतून रुमाल आत टाकायचा. तो ज्या सीटवर पडला ती सीट आपली. मग आरामात दाराने चढायचं. पट्ट्याच्या गाडीवर पहिले काही दिवस लोकांनी रुमाल फेकले, ते काचेवर आपटून खाली पडले, आणि एक आजोबा तर खिडकीवर बोटाने टकटक करून आतल्या मुलीला, जरा काच सरकव गं, असं विनवत होते. काच सरकणारी नव्हतीच.

मी तेव्हा पेणहून लग्न होऊन आलेली, नवीनच. स्टँडजवळ एका चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागले होते. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत सासरे आणि टीव्ही, आतल्या खोलीत सासूबाई आणि स्वयंपाक, आणि आतल्या खोलीवर जो माळा होता तिथे आम्ही दोघं. माळ्याला पुढून फळ्यांचा कठडा आणि कठड्यावर पडदा. वर कुजबुजलं तरी खाली सासऱ्यांचा खोकला थांबायचा. त्यामुळे संदेश आणि मी बोलायचोच नाही. तो पहाटे निघायचा. द्रोणागिरीकडच्या एका कंटेनर यार्डात होता. दिवसभर उन्हात उभं राहून आल्यागेल्या कंटेनरची सीलं तपासायची. परत यायचा तो घामाने आणि धुळीने मढून, एसटीतून दोन-अडीच तास लोंबकळून. जेवून माळ्यावर चढला की त्याला झोप. मी अंधारात त्याच्या श्वासाकडे कान देऊन पडून राहायचे आणि विचार करायचे, हा माणूस हसतो कसा, हे आपल्याला अजून माहीत नाही.

आणि त्यातच त्याच्या आतेभावाने आखातातल्या एका बंदरावर त्याच्यासाठी शब्द टाकला होता. नोकरी चांगली, राहायला खोली त्यांची, फक्त बायकोला नेता येणार नव्हतं. वर्षा-दोन वर्षांनी सुट्टी. घरात कुणी जा म्हणत नव्हतं, राहा म्हणत नव्हतं. सासरे म्हणाले, तुमचं तुम्ही बघा. सासूबाई भाकरी थापत राहिल्या. आणि एका रात्री माळ्यावर संदेशने मला हळूच विचारलं, तू काय म्हणतेस? मी म्हणाले, तुम्ही ठरवाल ते. पेणला मला हेच उत्तर शिकवलं होतं आणि ते दिल्यावर मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. तो बरं म्हणून कुशीवर वळला. मग मला जाणवलं की त्याला ठरवायचं नव्हतं, त्याला ऐकायचं होतं. पण काय सांगणार? ज्याला थांब म्हणायचं त्याची नीट ओळख तर हवी.

यातून मार्ग काढला तो सासूबाईंनी. त्यांचं माहेर जासईच्या बाजूचं, मासळीवर वाढलेली बाई. एक दिवस मी दुकानात जायला निघाले तर म्हणाल्या, "पनवेलचा मावरा काय खायाचा, सगला बर्फातला. नवी गाडी हाय ना, सांजची पीरवाडीला जा न ताजा जवला आन. येतानी त्याला पन घेऊन ये." मी म्हटलं, आई, त्या गाडीत ओली मासळी न्यायला बंदी आहे. त्या म्हणाल्या, बघ काय होतं ते. त्या दिवसापासून मी दुकान सुटलं की समुद्रावर जाऊ लागले. एक दिवसही मासळी आणली नाही. आणि सासूबाईंनी एक दिवसही विचारलं नाही की मावरा कुठाय.

जाताना गाडी बरीचशी रिकामी असे. पळस्पे सोडलं की डावीकडे ट्रेलरची रांग उभी, आणि आम्ही तिच्या अंगावरून सरसर पुढे. ट्रेलरचे ड्रायव्हर स्टिअरिंगवर हनुवटी टेकून आमच्याकडे बघत. मला तेव्हा उगाचच वरातीत बसल्यासारखं वाटे. मग खाडी येई, तिच्या काठाने मिठाचे ढीग, संध्याकाळच्या उन्हात गुलाबीसर झालेले. पलीकडे बंदराच्या क्रेन, एकेक दिवा लागत जाणाऱ्या. जानेवारी लागला तशी गाडीत भांबुर्डी चढू लागली. गव्हाणच्या, जासईच्या बायका पाल्याचे भारे घेऊन चढत. मासळीला बंदी होती, पाल्याला नव्हती. बंद काचांमुळे वास कुठे जाणार? तो सीटच्या कापडात बसला, पडद्यांत बसला, माझ्या ओढणीत बसला. दुकानात चष्म्याचा नंबर बघायला आलेल्या एका बाईंनी मला विचारलं, घरी पोपटी होती का हो काल?

संदेश मधल्या थांब्यावर चढू शकला असता, पण परतीच्या गाडीत तिथून पाय ठेवायला जागा मिळत नसे. यार्डांच्या पाळ्या सुटत त्याच वेळेला. म्हणून तो कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून उलटा समुद्राच्या टोकाशी यायचा. निघाला की मला मिस्ड कॉल. शेवटच्या थांब्यावर सगळ्यांनी उतरायचं, गाडी झाडायची, असा नियम होता. मी उतरण्याआधी उजवीकडच्या दोन जणांच्या सीटवर दोन रुमाल पसरून ठेवायचे. एक माझा, फुलाफुलांचा. एक त्याचा, निळ्या चौकडीचा, सकाळी घरून मुद्दाम घेतलेला. बाहेर परतीची रांग वाढत जायची. दिवसभर उभी राहिलेली, पाय सुजलेली माणसं. गाडीचं दार उघडं असायचं. पण ते रुमाल कुणी कधी हलवले नाहीत. माणसं चढत, रुमाल बघत, पुढच्या सीटवर जात, सीटा संपल्या की दांड्याला धरून उभी राहत. आमची दोन्ही आसनं रिकामी, वर दोन रुमाल, आणि आम्ही दोघं तिकडे वाळूवर.

कंडक्टर अन्वरभाई उरणच्या मोहल्ल्यातले. पीरवाडीच्या दर्ग्याशेजारी मगरिबची, सूर्यास्ताची नमाज पढून झाल्याशिवाय त्यांची गाडी हलत नसे, आणि तोवर ड्रायव्हरचा चहा. अन्वरभाईंची नमाज आणि ड्रायव्हरचा चहा, एवढाच काय तो आमचा संसार होता. समुद्र म्हणाल तर पीरवाडीचा समुद्र काही चित्रातला नाही. पाणी गढूळ, भरतीच्या वेळी किनाऱ्यावर दगडच जास्त, क्षितिजावर जहाजं ताटकळत उभी. आम्हाला तो पुष्कळ होता. पहिले काही दिवस आम्ही जहाजंच बघितली. मग संदेश मला सांगू लागला की भरलेलं जहाज कसं पाण्यात दबून असतं आणि रिकामं कसं उंच दिसतं. मग मी त्याला सांगू लागले की लोक नंबर तपासताना अंदाजाने अक्षरं सांगतात, चष्मा लागू नये म्हणून. यावर तो हसला. दात थोडे पुढे, डोळे अगदी मिटून जात. तेव्हा कळलं, हा असा हसतो.

एकदा मात्र रुमाल उचलला गेला. यार्डात नवीन आलेला एक बिहारी पोरगा, त्याला काय माहीत. त्याने दोन्ही रुमाल नीट घडी करून खिडकीपाशी ठेवले आणि खिडकीकडच्या जागेवर बसला. आम्ही चढलो तेव्हा अख्खी गाडी त्याला समजावत होती. रागाने नव्हे, घरातल्या नव्या सुनेला कुठल्या डब्यात काय आहे ते दाखवतात तशी. मागून कुणीतरी म्हणालं, "भाई, इधर रुमाल मतलब आदमी." पोरगा उठला, संदेशला सॉरी म्हणाला. मग त्यालाही ते आवडलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात मला दुसऱ्या एका सीटवर त्याचा भडक लाल रुमाल पसरलेला दिसला. रुमाल म्हणजे माणूस. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

आखाताचं मध्येच कधीतरी निघे. कागद गेलेत, उत्तर यायचंय, एवढंच संदेश सांगे. मी हो म्हणे आणि जहाजांकडे बघे. पण आता मला भीती वाटू लागली होती. आधी तो जाणार म्हणजे माळ्यावरचा एक श्वास कमी होणार, एवढंच होतं. आता तो जाणार म्हणजे हा हसणारा माणूस जाणार होता, ज्याला खाऱ्या दाण्यांतले जळके दाणे वेचून खायला आवडतात, जो आईला घाबरत नाही पण कुत्र्यांना घाबरतो. माझा नवरा मला सापडता सापडता निघून जायला टेकला होता. आणि ज्या तोंडाने मी तुम्ही ठरवाल ते म्हणाले होते, त्याच तोंडाने आता वेगळं काही म्हणायची मला लाज वाटत होती. घरी यायचं, पायरीवर चप्पल काढायची, की पुन्हा अहो आणि खाली मान.

शिमगा जवळ आला होता. ऊन चढू लागलं, वाल संपला, पाल्याचे भारे गाडीत येईनासे झाले तरी वास राहिलाच होता. एक दिवस जाताना गाडीत मी आणि अन्वरभाई दोघंच. ते तिकिटाचं मशीन मांडीवर ठेवून माझ्या पलीकडे बसले. कसं कोण जाणे, मीच त्यांना विचारलं, तुमची मुलं आखातातच ना? सगळे तिकडेच, ते म्हणाले. मग मिठाच्या ढिगांकडे बघत सांगितलं, "घर मोठा बांधला, बेटी. पंखा हर खोलीत हाय. माणूस एका पन खोलीत नाय." तक्रार म्हणून नाही. थांबा कुठला आला ते सांगावं तसं. मग उठून पुढे गेले.

त्या संध्याकाळी ओहोटी होती. पाणी लांब गेलं होतं आणि ओल्या वाळूवर पोरं क्रिकेट खेळत होती. संदेश काहीतरी सांगत होता, यार्डातल्या कुणाची तरी गंमत, आणि मी ऐकतच नव्हते. माझ्या डोळ्यांपुढे ती सीट होती. एक फुलाफुलांचा रुमाल, एक निळ्या चौकडीचा. निळ्या रुमालाशेजारी मी बसले आहे, एक वर्ष, दोन वर्षं, दहा वर्षं, आणि सगळे त्या रुमालाचा मान राखून पुढे जात आहेत.

"मला रुमालाशेजारी बसायचं नाहीये," मी म्हणाले. "जाऊ नका."

पोरांचा चेंडू आमच्या पायाशी आला, तो त्याने वाकून उचलला आणि परत टाकला. अगदी सावकाश टाकला. मग म्हणाला, "बरं." तेवढंच. दर्ग्याकडून अन्वरभाई टोपी खिशात घालत येताना दिसले, तसे आम्ही गाडीकडे पळालो. परतीच्या वाटेवर तो जागाच होता, नेहमी डुलक्या घेणारा माणूस. मी काचेतून बाहेर बघत होते पण बाहेर अंधार पडलेला, म्हणजे काचेत तोच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने घरात सांगितलं की आखाताचं रद्द. सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, पुन्हा वाढवला. सासूबाईंनी मला आमटी वाढली, मी नको म्हणत असतानाही दुसऱ्यांदा वाढली. मला मात्र धाकधूक लागून राहिली. पुढे गल्लीतली दोन घरं आखाताच्या जिवावर दुमजली झाली आणि आम्ही बरीच वर्षं त्या माळ्यावरच चढत राहिलो, मुलगी झाली तेव्हाही. कधी भांडणात, कधी महिनाअखेरीला मी वाट बघायचे की आता हा म्हणणार, तू अडवलंस म्हणून. त्याने कधी म्हटलं नाही. ते न म्हणण्याचंही एक ओझं होतं, आणि मी ते प्रेमानेच वाहिलं, पण ओझंच.

पट्ट्याची गाडी पावसाळ्यापर्यंत टिकली. वैशाखातच रबरी खांब एकेक करून आडवे झाले होते. मग एखादा ट्रेलर चहापुरता पट्ट्यात उभा राहू लागला, मग दोन, मग पट्टा ही ट्रेलर उभे करायचीच जागा झाली. आषाढात पिवळा रंग धुऊन गेला आणि एक दिवस गाडी आलीच नाही. चाचणी संपली म्हणाले. पनवेलकर म्हणाले, आम्ही सांगितलंच होतं. थांब्यांचे ओटे मात्र रस्त्याच्या मधोमध बराच काळ तसेच होते. त्यांच्यावर पावसात बकऱ्या बसायच्या.

मला त्या गाडीचं वाईट वाटतं का, असं मुलीने एकदा विचारलं. तिला तो सगळा प्रकार विनोदी वाटतो, उजवीकडची दारं आणि आपटलेले रुमाल. मी म्हटलं, वाईट नाही वाटत. कित्येक जोडप्यांना एकमेकांची ओळख व्हायला आयुष्य पुरत नाही. आम्हाला मधला रस्ता कुणीतरी मोकळा करून दिला होता. सगळा हंगाम म्हणजे दिवाळीचा फराळ संपल्यापासून आंब्याची साठं वाळेपर्यंत. तेवढ्यात जे झालं ते झालं. तिने फोनमधून मान वर केली, आई, तू ना, असं काहीतरी म्हणाली आणि पुन्हा फोनमध्ये गेली.

गेल्या आठवड्यात उरणला एक हळद होती. संदेश आणि मी लाल एसटीने निघालो आणि जासईच्या अलीकडे ट्रेलरच्या रांगेत अडकलो. गाडी बंद, पंखे नाहीत, बायका पदराने वारा घेत होत्या. संदेशचे केस आता कानांवर पांढरे झाले आहेत. तो खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, एक सांगू का, चिडणार नाहीस ना? मी म्हटलं, चिडण्यासारखं असेल तर चिडेन.

"ते आखाताचं," तो म्हणाला, "मी संक्रांतीच्या आधीच नाही म्हणून कळवलं होतं."

मला आधी कळलंच नाही. मग मी मनातल्या मनात मागे गेले. संक्रांतीच्या आधी. म्हणजे आम्ही नुसती जहाजं बघत होतो तेव्हा. म्हणजे मी वाळूवर जाऊ नका म्हणाले तोवर जायचं उरलंच नव्हतं. कागद गेलेत, उत्तर यायचंय, हे सगळं खोटं. आणि मी इतकी वर्षं अडवल्याचं ओझं वाहत होते. मला खरोखरच राग आला. मग सांगितलं का नाहीत, असं मी विचारलं तेव्हा पुढच्या सीटवरची बाई वळून बघू लागली, इतका माझा आवाज चढला होता.

"सांगितलं असतं तर तू यायची बंद झाली असतीस," तो म्हणाला.

ते खरं होतं. नवरा राहणार हे ठरलं असतं तर कशाला कोण रोज समुद्रापर्यंत गेलं असतं? सासूबाईंच्या भाकऱ्या थापायला बसले असते, आणि आम्ही माळ्यावर एकमेकांचा श्वास ऐकत म्हातारे झालो असतो. तरी राग एकदम जाईना.

"म्हणजे मी जाऊ नका म्हणाले ते फुकटच गेलं," मी म्हटलं.

"फुकट कसं?" संदेश म्हणाला. "तेवढं ऐकायला तर राहिलो होतो."

पुढचा ट्रेलर हलला, आमची गाडी सुरू झाली आणि खिडकीतून वारा आला. मी बाहेर बघत बसले. भर एसटीत, हळदीला निघालेल्या बाईने डोळे पुसणं बरं दिसत नाही.